मोठा टायर, क्राऊन-पिनियन आणि वहीतले ॲव्हरेज

ट्रकला मोठे टायर घातले की गाडी डिझेल कमी खाते, असे छातीठोकपणे सांगणारे लोक ट्रक-अड्ड्यावर भेटतात. मोठे टायर घातल्यापासून गाडीचे ॲव्हरेज उतरले, असे तितक्याच ठामपणे सांगणारेही तिथेच भेटतात. गंमत अशी की, दोघेही खोटे बोलत नसतात. एक जण रस्त्यावरचा अनुभव सांगत असतो, दुसरा वहीतला आकडा सांगत असतो, आणि दोघांची मोजपट्टी एक नसते. ही मोजपट्टी कुठे बदलते आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होते, हे साध्या त्रैराशिकाने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा काही माझ्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे. परंतु ट्रकच्या धंद्यात चालू खर्चातला सर्वांत मोठा खर्च डिझेलचा असतो, आणि डिझेलचा हिशेब समजून घ्यायचा तर चाकापर्यंत वाकून पाहावेच लागते. त्यासाठी शाळेतले गणित पुरेसे आहे.

चाकाचा घेर

आपल्याकडच्या दोन आसांच्या ट्रकांवर वर्षानुवर्षे ९.००-२० आणि १०.००-२० या मापांचे टायर दिसत आले आहेत. यांतला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा आतल्या रिमचा व्यास. टायरचा बाहेरचा व्यास मात्र या नावात कुठेच नसतो आणि आपल्या हिशेबाला नेमका तोच हवा असतो. ९.००-२० चा बाहेरचा व्यास सुमारे १०२ सेंटिमीटर आणि १०.००-२० चा सुमारे १०५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पहिल्याचा घेर ३.२० मीटर आणि दुसऱ्याचा ३.३० मीटर. चाकाच्या एका फेऱ्यात पहिली गाडी ३.२० मीटर जाते, दुसरी १० सेंटिमीटर जास्त. फरक तीन टक्क्यांचा.

रिम मोठी दिसली म्हणजे टायर मोठा, असेही समजू नये. नव्या ट्यूबलेस टायरवर २९५/८० आर २२.५ असे लिहिलेले असते. २९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, आणि २२.५ इंचांची रिम. हिशेब केला तर बाहेरचा व्यास १०४३ मिलिमीटर येतो. २० इंची रिमवरच्या २९५/९० आर २० टायरचा व्यास येतो १०३९. रिममध्ये अडीच इंचांचा फरक, आणि बाहेर अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही!

ज्याला हा घेर स्वतः मोजायचा असेल त्याने टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, भरलेली गाडी सरळ रस्त्यावर चाकाचे दहा फेरे पुढे न्यावी आणि टेपने अंतर मोजून दहाने भागावे. भार पडल्यावर टायर खाली थोडा दबतो, म्हणून उत्तर कागदावरच्या घेरापेक्षा किंचित कमी येते. पण खरे उत्तर तेच.

क्राऊन आणि पिनियन

इंजिनाचा फेरा चाकापर्यंत सरळ पोचत नाही. आधी गिअरबॉक्स आणि मग मागच्या आसाच्या मध्यभागी दिसणारा फुगीर गोळा, असे दोन टप्पे तो पार करतो. त्या गोळ्यात क्राऊन हे मोठे दातेरी चक्र आणि पिनियन हे छोटे चक्र एकमेकांत अडकलेले असते. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ६ दात असतील, तर पिनियन ६.८३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. पिनियनला ७ दात असतील तर हाच आकडा ५.८६ होतो. लक्षात ठेवायला सोपे सूत्र असे: आकडा मोठा तर ओढ जास्त, आकडा लहान तर पळ जास्त. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हे का, ते विहिरीवरच्या रहाटावरून कळेल. ज्या ओंडक्यावर दोर गुंडाळला जातो तो जाड असला, तर एका फेऱ्यात दोर जास्त वर येतो. पण हाताला कळशी जड लागते. ओंडका बारीक असला तर फेरे जास्त मारावे लागतात, पण हात भरून येत नाही. टायर म्हणजे हा ओंडका. मोठा टायर घालणे म्हणजे ओंडका जाड करणे. म्हणून मोठा टायर आणि कमी आकड्याचा क्राऊन ही वस्तुतः एकाच जातीची गोष्ट आहे. टायर बदलणाऱ्याने नकळत गिअरही बदललेला असतो.

आता एक सोयीचे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी मिनिटाला बरोबर एक किलोमीटर जाते. म्हणून एका किलोमीटरला इंजिनाचे जितके फेरे, तितकेच त्या वेगाला इंजिनाचे मिनिटाचे फेरे. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स एकास एक धरला, तर आकडे असे येतात:

९.००-२० टायर, ४१-६ क्राऊन : २१३५ फेरे
१०.००-२० टायर, ४१-६ क्राऊन : २०७१ फेरे
९.००-२० टायर, ४१-७ क्राऊन : १८३० फेरे
१०.००-२० टायर, ४१-७ क्राऊन : १७७५ फेरे

टायर बदलल्याने फेरे तीन टक्क्यांनी कमी होतात. पिनियनचा एक दात वाढवल्याने चौदा टक्क्यांनी. या दोहोंच्या तुलनेत ड्रायव्हरच्या हाताकडे पाहावे. चौथ्या गिअरचे प्रमाण दीड धरले, तर चौथ्यातून टॉपला येताना इंजिनाचे फेरे एका झटक्यात एक-तृतीयांशाने उतरतात. मालक टायरवर पैसे घालून जो फरक आणतो, त्याच्या कितीतरी पट मोठा फरक ड्रायव्हर वेळेवर गिअर टाकून आणीत असतो.

सपाट रस्त्यावर काय होते

बेळगावहून धारवाड-हुबळीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मोठे चढ थोडे. अशा रस्त्यावर कमी फेऱ्यांचा फायदा होतो, यात शंका नाही. इंजिन फिरताना स्वतःच्याच पिस्टन, बेअरिंग आणि पंपांच्या घर्षणात काही डिझेल जाळते. फेरे कमी झाले की ते जळणे कमी होते.

परंतु फेरे चौदा टक्क्यांनी उतरले म्हणून डिझेल चौदा टक्क्यांनी वाचले, असा हिशेब कोणी मांडू नये. गाडी पुढे ढकलायला लागणारे काम तितकेच राहते. ते काम इंजिनाला आता कमी फेऱ्यांत, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जास्त डिझेल घेऊन करावे लागते. वाचतो तो फक्त घर्षणाचा भाग. त्यामुळे खरा फायदा फेऱ्यांतल्या फरकाच्या काही हिश्श्याइतकाच मिळतो. फेरे मर्यादेपेक्षा खाली गेले तर इंजिन दबते, धडधडते, आणि तोही फायदा हातचा जातो.

दुसरा धोका वेगाचा. कन्नडमध्ये चाकाला ‘गाली’ म्हणतात आणि वाऱ्याला ‘गाळी’. ल आणि ळ एवढाच फरक. पण ट्रकच्या हिशेबात या दोघांचे वैर मोठे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींच्याही वर जातो. गाडी हलकी पळते म्हणून ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला, तर ‘गाली’ने वाचवलेले डिझेल ‘गाळी’ घेऊन जाते.

घाटात काय होते

बेळगावची गंमत अशी की, एका बाजूला सपाट महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला चोर्ला, अनमोड, आंबोली हे घाट. एकाच मालकाची गाडी आज हुबळीला, तर उद्या गोव्याला जाते. म्हणून घाटातला हिशेबही करायला हवा.

गाडीचे मालासकट वजन १६ टन धरू. २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर जाणारा चढ असेल, तर चढासाठी १६ टनांचा विसावा भाग, म्हणजे ८०० किलोग्रॅमची ओढ लागेल. टायर रस्त्यावर लोळवण्यासाठी आणखी सुमारे १३० धरू. एकूण ९३०. आता इंजिनाचा पीळ ४० किलोग्रॅम-मीटर, तिसऱ्या गिअरचे प्रमाण अडीच, आणि वाटेत १५ टक्के शक्ती घर्षणात जाते असे धरू. तिसऱ्या गिअरमध्ये चाकाशी मिळणारी ओढ अशी येते:

९.००-२० टायर, ४१-६ क्राऊन : ११३९ किलोग्रॅम
१०.००-२० टायर, ४१-६ क्राऊन : ११०६ किलोग्रॅम
९.००-२० टायर, ४१-७ क्राऊन : ९७६ किलोग्रॅम
१०.००-२० टायर, ४१-७ क्राऊन : ९४८ किलोग्रॅम

म्हणजे या चढावर चारही गाड्या तिसऱ्यात निघतील. पण शेवटच्या गाडीकडे जेमतेम १८ किलोग्रॅमची शिल्लक उरते. आता वळणावर चढ थोडा खडा झाला, १६ मीटरला १ मीटर झाला असे समजा. लागणारी ओढ १००० अधिक १३०, म्हणजे ११३० होते. आता फक्त पहिलीच गाडी तिसऱ्यात टिकते. बाकी तिघींना दुसरा गिअर टाकावा लागतो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवले, तर पहिली गाडी ताशी सुमारे १७ किलोमीटरने घाट चढते. आणि दुसऱ्या गिअरचे प्रमाण चार धरले, तर शेवटची गाडी पावणेतेराच्या आसपास. सपाटीवर सर्वांत पळणारी गाडी घाटात पहिल्या गाडीच्या मागे राहते ती अशी. शिवाय गिअर पुन्हा पुन्हा वरखाली करावे लागतात, क्लच अर्धवट दाबून गाडी ओढली जाते, आणि क्लचप्लेटचा खर्च डिझेलच्या रकान्यात दिसत नाही, तो दुरुस्तीच्या रकान्यात दिसतो.

घाटात एक खर्च मात्र कोणत्याही टायरने वा गिअरने चुकत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. १६ टनांची गाडी किनाऱ्यावरून इतकी उंच उचलायला सुमारे ११८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तिचा तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असे धरले, तर केवळ उचलण्याचेच दहा लिटर होतात. ‘घाट चढून आली तरी ॲव्हरेज का नाही?’ असे ड्रायव्हरला विचारण्यापूर्वी मालकाने हे दहा लिटर बाजूला काढून ठेवावेत.

उताराचाही विचार हवा. ब्रेक चाकाला जो पीळ देतो तो टायर मोठा झाला म्हणून वाढत नाही. उलट मोठ्या टायरमुळे रस्त्याशी मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. गिअरमध्ये ठेवून इंजिनाने गाडी रोखण्याची शक्तीही तशीच घटते. ४१-७ क्राऊन आणि मोठा टायर, दोन्ही एकत्र आले, तर हा तोटा सतरा टक्क्यांच्या जवळ जातो. बेळगावची भाजी गोव्याला जाते, म्हणजे भरलेली गाडी उतरते आणि पुष्कळदा रिकामी चढते. तिला चढण्याची चिंता कमी, रोखण्याची जास्त. मुरगाव बंदरातून माल भरून वर येणाऱ्या गाडीचे गणित याच्या उलट. म्हणून ‘कोणता टायर चांगला?’ हा प्रश्नच अपुरा आहे. भार कोणत्या दिशेने जातो, हे आधी विचारले पाहिजे.

वहीतले ॲव्हरेज

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. गाडीचा किलोमीटर-मीटर रस्ता मोजीत नाही. बहुतेक ट्रकांत तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी फेरे मोजतो आणि ठराविक टायर व ठराविक क्राऊन धरून त्यांचे किलोमीटर करून दाखवतो. टायर बदलला हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो जुन्याच गजाने कापड मोजत राहतो.

सुट्टीत एका ट्रान्स्पोर्ट कचेरीतल्या वह्या लिहिण्याचे काम मी करीत असे. तिथे एका ड्रायव्हरच्या पगारातून डिझेलची रक्कम कापलेली मी पाहिली. कारण लिहिले होते, ‘ॲव्हरेज कमी’. त्याच गाडीच्या पानावर टायर मोठ्या मापाचे बसवल्याची नोंदही होती. दोन नोंदी एकाच वहीत, पण त्या एकमेकींशी कोणी जोडल्या नव्हत्या. मूळ आकडे कोणाच्या धंद्याचे, म्हणून ते इथे देत नाही. सोयीचे आकडे घेऊन हिशेब दाखवतो.

समजा, महिन्यात मीटरने ६००० किलोमीटर दाखवले आणि डिझेल १५०० लिटर लागले. वहीत ॲव्हरेज पडले ४. मालकाची अपेक्षा ४.१ ची. त्या दराने ६००० किलोमीटरला १४६३ लिटर पुरायला हवे होते. म्हणजे ३७ लिटर गेले कुठे? संशय ड्रायव्हरवर. पण मीटर ९.००-२० टायरचा घेर धरून बसला आहे आणि गाडी १०.००-२० वर चालली आहे. खरे अंतर ६००० गुणिले ३.३० भागिले ३.२०, म्हणजे ६१८७ किलोमीटर. ४.१ च्या दराने इतक्या अंतराला १५०९ लिटर लागले असते. ड्रायव्हरने १५०० त भागवले. ज्याच्या पगारातून ३७ लिटर कापायचे, त्याने वास्तविक ९ लिटर वाचवलेले आहेत!

क्राऊन ४१-६ चा ४१-७ झाला आणि मीटर जुळवून घेतला नाही, तर चूक याहून मोठी. मीटर ६००० दाखवतो तेव्हा गाडी ७००० किलोमीटर गेलेली असते. अशा गाडीचे वहीतले ॲव्हरेज पाहून कोणी नफा-तोट्याचा निर्णय घेतला, तर तो खोट्या वजनाने तोललेला निर्णय होय.

नव्या-जुन्या टायरांतही हाच खेळ छोट्या प्रमाणावर चालतो. टायरची नक्षी १२ मिलिमीटर झिजली की व्यास २४ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे घेर दोन टक्क्यांहून जास्त आखडतो. झिजलेल्या टायरवर मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज चांगले दिसते. नवे टायर चढवले की मीटर कमी दाखवू लागतो. जाड नक्षीचे नवे रबर लोळवायलाही थोडी जास्त ओढ लागते. ‘नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज उतरले’ या तक्रारीत मीटरचा वाटा असा मोठा असतो. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि डिझेल खरोखरच खातो. तो तोटा मात्र मीटरचा नव्हे, खिशातला.

बदल करण्यापूर्वी

टायर मोठा करण्याला कधी कधी योग्य कारण असते. भार पेलण्याची क्षमता वाढते, खडकाळ रस्त्यावर गाडीचे पोट उंच राहते. पण मागच्या जोडचाकांत दोन टायरांमध्ये पुरेशी फट राहिली पाहिजे, आणि जोडीतले दोन्ही टायर एकाच व्यासाचे हवेत. नाहीतर ते एकाच आसावर एकाच वेगाने फिरतात, अंतर वेगवेगळे कापू पाहतात, आणि त्यांतला एक घासत जातो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत मनाने करता येत नाहीत. तेव्हा त्या गाडीसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांतूनच निवड करावी.

सारांश असा. सपाट, लांबच्या आणि बेताच्या वेगाच्या रस्त्याला कमी आकड्याचा क्राऊन थोडी बचत देतो. भार घेऊन चढायचा घाट रोजचा असेल तर मोठ्या आकड्याचा क्राऊन बरा. टायरचा तीन टक्क्यांचा फरक या दोन्हींपुढे लहान आहे, पण वहीत शिरला की तो एखाद्याच्या पगाराएवढा मोठा होतो. त्यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक गाडीच्या पानावर टायरचे माप, खडूने मोजलेला घेर, क्राऊन-पिनियनचे दात, मार्ग आणि जातायेता भरलेला माल, असे पाच रकाने वाढवावेत. टायर बदलल्याच्या दिवशी त्या पानावर आडवी रेघ मारून नवा घेर लिहावा, आणि पुढचे किलोमीटर त्या घेराने सुधारून घ्यावेत. आता पुष्कळ गाड्यांवर जीपीएस असते. महिन्यातून एकदा त्याच्या अंतराशी मीटरचे अंतर ताडून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. हे सारे करूनही डिझेल कमी भरले, तर मग ड्रायव्हरला खुशाल विचारावे. त्याच्याआधी नव्हे.